आकाशातला पहारा, अंबरनाथचा उतारा

समुद्री टेहळणीत विमानाच्या वेगापेक्षा त्याच्या टिकावाला मोल असते. वैमानिक थकतो, मानवरहित विमानाचे चालक मात्र जमिनीवर पाळीपाळीने बदलतात आणि विमान वर घिरट्या घालतच राहते. भारतीय नौदलाने नोव्हेंबर 2020 मध्ये भाड्याने घेतलेली दोन सी-गार्डियन विमाने अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावरून उडू लागली. एका उड्डाणात तीस तासांहून अधिक काळ हवेत राहण्याची त्यांची क्षमता. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातील एमव्ही रूएन जहाजावरच्या कारवाईत त्यांचा उपयोग झाला. 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले. सप्टेंबर 2024 मध्ये बिघाडामुळे त्यांतले एक बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. तरी पुढच्याच महिन्यात 31 विमानांचा करार झाला. त्यातली 15 नौदलाची.

अशा पहाऱ्याचा सर्वांत जास्त जाच होतो तो डिझेल-विद्युत पाणबुडीला. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वर येऊन, स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते. ती नळी रडारला दिसू शकते. दुसऱ्या महायुद्धात लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने आणि सेंटिमीटर लहरींचे रडार यांनी जर्मन यू-बोटींना याच दुखऱ्या जागी गाठले. विमान तास-दोन तासांनी परत फिरणार असेल तर पाणबुडी वाट पाहू शकते; दिवसभर न हटणाऱ्या विमानापुढे ती सोय उरत नाही. मग बाहेरच्या हवेवाचून वीज निर्माण करणे, म्हणजे एआयपी यंत्रणा, हाच मार्ग राहतो.

त्या मार्गावरचे भारतीय काम अंबरनाथला, शीळ-बदलापूर रस्त्यावर चालते. डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, एनएमआरएल, हिचा उगम 1953 मधल्या, मुंबईच्या नौदल गोदीतील रसायन व धातू प्रयोगशाळेत आहे. विम्कोच्या काडेपेट्या आणि आयुध निर्माणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात ज्योतीविना वीज देणारा इंधनघट घडावा, हा योग मजेदारच.

इंधनघटाला लागणाऱ्या हायड्रोजनचे पाणबुडीत काय करायचे, हा यातला कळीचा प्रश्न. जर्मनीच्या 212 वर्गाच्या पाणबुड्या तो धातूंच्या संयुगांत साठवून नेतात. त्यांतल्या यू-32 ने 2013 मध्ये सलग 18 दिवस पाण्याखाली काढले. अंबरनाथने वेगळी वाट धरली. इथे हायड्रोजन साठवत नाहीत, लागेल तसा पाणबुडीतच तयार करतात. सोडियम बोरोहायड्राइडची पाण्याशी उत्प्रेरकाच्या साहाय्याने अभिक्रिया घडवली की हायड्रोजन सुटतो, आणि त्यातला निम्मा पाण्यातूनच येतो. मागे उरते सोडियम मेटाबोरेट. हा हायड्रोजन फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटात ऑक्सिजनशी संयोग पावतो. वीज मिळते, पाणी तयार होते. हा घट साधारण 150 ते 200 अंश सेल्सियसला चालतो. जर्मन पद्धतीच्या पॉलिमर पटलाच्या घटाला अतिशुद्ध हायड्रोजन हवा असतो, याला त्यातली थोडीफार अशुद्धी चालते. पाकिस्तानच्या अगोस्टा 90बी पाणबुड्यांतली फ्रेंच मेस्मा यंत्रणा तर इथेनॉल जाळून वाफेवर टर्बाइन फिरवते. फिरत्या भागांचा आवाज पाहता अंबरनाथची निवड अधिक शहाणपणाची वाटते. मात्र मर्यादा सर्वांना सारखीच: एआयपीवर पाणबुडी संथच चालते, झपाट्याने पळायला बॅटरीच लागते.

8 मार्च 2021 रोजी या यंत्रणेची जमिनीवरची प्रतिकृती दीर्घकाळ चालण्याच्या आणि कमाल शक्तीच्या, अशा दोन्ही कसोट्यांवर उतरली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या कामात होत्या. पण जमिनीवर सिद्ध होणे आणि समुद्रात सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. नौदलाच्या नव्या पाणबुड्यांसाठीच्या 75-आय प्रकल्पाच्या निविदेत समुद्रात सिद्ध झालेल्या एआयपीची अट होती. त्या अटीमुळे 2022 मध्ये फ्रान्सचा नेव्हल ग्रुप स्पर्धेतून बाहेर पडला, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीने अंबरनाथची यंत्रणा भारतीय नौदलाच्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी एनएमआरएलशी करार केला! नौदलाने परदेशी यंत्रणेला लावलेली कसोटी घरच्या यंत्रणेने अजून दिलेली नव्हती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

30 डिसेंबर 2024 रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला. त्यानुसार माझगाव डॉक ही यंत्रणा सामावणारा खंड बांधून देणार आहे. तो बसवताना पाणबुडीचे कवच मधोमध कापावे लागते, आणि जोडणीनंतर तिची लांबी वाढते.