मकाव: कसिनोच्या पलीकडचं

काल भाच्याचा फोन आला. "मामा, मकावला चाललोय. कसिनो सोडून तिथे बघायचं काय?"

अरे, भरपूर! सेनाडो चौकातून पायी निघ. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, पोर्तुगीज फरसबंदी.

पुढे सेंट पॉलचे अवशेष. १८३५च्या आगीत चर्च जळालं, दगडी दर्शनी भिंत तेवढी उरली. तिच्यावर सात तोंडांच्या ड्रॅगनला तुडवणारी मेरी माता आणि शेजारी चक्क चिनी अक्षरं! मी तासभर मान वर करून उभा होतो.

गोव्याशी मकावचं नातंही जुनं: १५७६ साली मकावचा धर्मप्रांत स्थापन झाला, तो गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत. जुनं गोवं पाहिलेल्यांनी तर ही भिंत बघाच.

रात्री मकावच्याच कोटाई भागात विन पॅलेस हॉटेलसमोर संगीतावर नाचणारी कारंजी, तीही फुकट.

आणखी काही विचारायचंय? कमेंटमध्ये लिहा.