पोराचा हात मोडला, तर घरी काय जपावे?

कबड्डीत पोर हातावर पडून कोपर सुजले, की आपल्याकडे आधी तेल चोळून कामट्या आवळतात. त्याने रक्तपुरवठा अडून हात जन्माचा अधू होऊ शकतो. हात आहे तसाच गळ्यातल्या झोळीत घालून दवाखाना गाठावा.

प्लॅस्टरनंतर पहिले 2 दिवस हात उशीवर उंच ठेवावा. रात्रीही उठून बोटे पाहावीत. ती गार, निळी, बधिर झाली किंवा सरळ करताना पोर कळवळले, तर रानात ऊसतोड चालू असली तरी तडक दवाखान्यात न्यावे. काही तासांतच स्नायू मरतात.

साधारण 3-4 आठवड्यांनी प्लॅस्टर निघाल्यावर हात आखडलेला दिसेल. तो ओढू-चोळू नये. पोराला त्याच हाताने जेवू द्यावे, दप्तर भरू द्यावे. वापरता वापरता हात मोकळा होतो.