तुकडेबंदी उठली म्हणे! बातमी आणि कागद यांतलं अंतर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल ओलांडण्याआधी सारोळे लागतं. पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. महामार्गालगतच्या अशा गावात जमिनीचा विषय कधीच मिटत नाही. गुंठ्यांची विक्री, बहिणींचे हिस्से, रस्त्यासाठी होणारं संपादन हे तर नेहमीचेच. या तिन्ही बाबतींत गेल्या काही वर्षांत न्यायालयांचे निकाल आणि सरकारचे आदेश सारखे निघत आहेत. पारावर मात्र त्यातली मथळ्यातली ओळ तेवढी पोचते आणि तिच्यावर विसंबून माणसं आयुष्यभराची पुंजी घालतात.

गैरसमज: हायकोर्टाने तुकडेबंदी उठवली, आता गुंठा-दोन गुंठे बिनघोर घ्यावेत.

12 जुलै 2021 रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी एक परिपत्रक काढलं. मंजूर लेआउट नसेल तर प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचं खरेदीखत नोंदवू नये, असा त्याचा आशय होता. 5 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि महाराष्ट्र नोंदणी नियम, 1961 मधला 44(1)(आय) हा नियम रद्द केला. दुसऱ्या दिवसापासून ‘तुकडेबंदी गेली’ अशी हाकाटी सुरू झाली.

1947 चा तुकडेबंदी कायदा मात्र त्या निकालाने रद्द झाला नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. दस्त नोंदवतो तो दुय्यम निबंधक. सातबाऱ्यावर नाव लावायचं काम महसूल खात्याचं, आणि ते खातं 1947 च्या कायद्याने बांधलेलं आहे. त्यामुळे शिक्क्याचं खरेदीखत हातात, पैसे देऊन झालेले, आणि फेरफार मात्र नामंजूर, अशी वेळ येऊ शकते. एजंट निकालाची बातमी दाखवतो, पण हा अर्धा भाग सांगत नाही.

त्यानंतरही चित्र बदलत राहिलं. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. पूर्वी झालेले बेकायदा तुकडे नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत होतं, ते ऑक्टोबर 2024 च्या अध्यादेशाने 5 टक्क्यांवर आलं. 9 जुलै 2025 रोजी महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली आणि पुन्हा तीच हाकाटी झाली. प्रत्यक्ष अध्यादेश नोव्हेंबरात निघाला. त्याचा भर शहरी हद्दीतल्या आणि आराखड्यात निवासी, व्यापारी अशा अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनींवर आहे. म्हणून सारोळ्यात तुकडा घेणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न एकच: हा गट नंबर आराखड्यात कोणत्या पट्ट्यात येतो? शेतीच्या पट्ट्यात असेल, तर ती घोषणा तुमच्या उपयोगाची नाही.

गैरसमज: मंत्रिमंडळाने मंजूर केलं, म्हणजे लागू झालं.

मंत्रिमंडळाचा निर्णय हा सरकारचा इरादा असतो. कायदा बदलायचा तर अध्यादेश किंवा विधेयक लागतं. अध्यादेशाचं आयुष्यही मोजकं असतं, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर व्हावं लागतं. अधिसूचना राजपत्रात छापली जाते, आणि तिच्यावर ‘प्रारूप’ असं लिहिलेलं असेल तर ती अजून लागू झालेली नसते, हरकती मागवलेल्या असतात. शासन निर्णय आणि परिपत्रक यांना कायद्याच्या वर जाता येत नाही. 2021 च्या परिपत्रकाचं काय झालं ते वर आलंच आहे.

मोबाइलवर फिरणारा शासन निर्णय खरा की खोटा, हे पाहणं फार अवघड नाही. त्याच्या शेवटी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, तारीख या आकड्यांनी होते. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. तिथे सापडला नाही, तर त्याच्या भरवशावर व्यवहार करू नये.

गैरसमज: वडील 2005 च्या आधी वारले, मग मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही.

2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तसं म्हटलं होतं, म्हणून ही समजूत अजून टिकून आहे. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनिता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडीत काढली. मुलीचा हक्क जन्माने आहे, मुलींना हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही. उलट टोकाची समजूतही तितकीच चुकीची. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप या निकालाने उघडत नाही. निकाल हाती आला की तो किती न्यायमूर्तींचा आणि त्यानंतर मोठ्या पीठाने काही वेगळं सांगितलं का, हे पाहावंच लागतं. वरच्या कोर्टाने नुसती नोटीस काढली तर स्थगिती मिळाली असं होत नाही, आणि स्थगिती मिळाली तरी खालचा निकाल रद्द होत नाही.

गैरसमज: काही असेल तर घरी नोटीस येईलच.

राष्ट्रीय महामार्ग कायद्यात संपादनाच्या अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रात अधिसूचना आल्यापासून हरकतीला 21 दिवस. घरी कोणी येईल म्हणून थांबलेल्याचे ते दिवस निघून जातात. याच कायद्याखाली दिलासा रक्कम आणि व्याज देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तरसेम सिंग खटल्यात शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो फक्त पुढच्या प्रकरणांना लावा, ही महामार्ग प्राधिकरणाची मागणी 4 फेब्रुवारी 2025 रोजी फेटाळली गेली. महामार्गात जमीन गेलेल्यांनी हे दोन्ही आदेश आणि त्यानंतरचे आदेश वकिलाकडून तपासून घ्यावेत.

फेरफाराचंही तसंच. हरकतीला 15 दिवस असतात, आणि गावातल्या प्रलंबित फेरफारांची सूचना ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या भावंडांनी ती अधूनमधून उघडावी, कारण त्यांच्याच नावाला सर्वांत जास्त धोका असतो. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवतं. तरी चुकीची नोंद वर्षानुवर्षं राहू देणं महागात पडतं.

दाव्याची तारीख आणि आदेश पाहायला आता वकिलाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक दाव्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख कळते. सर्वोच्च न्यायालयाचे निकालसंग्रह जानेवारी 2023 पासून ऑनलाइन फुकट आहेत, त्यातल्या काहींचे मराठी अनुवादही मिळतात. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

तहसीलदार किंवा प्रांतांच्या आदेशाविरुद्ध अपिलाला साधारण 60 दिवस असतात. आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज आदेश कळल्या दिवशीच द्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.