बीडीडी: १६० चौरस फुटांचं शतक

नाटक-सिनेमांनी आपल्या मनात ठसवलेली चाळ म्हणजे लाकडी कठड्याची गॅलरी, समोर चौक आणि या टोकाची हाक त्या टोकाला. बीडीडी चाळीत यातलं काही नाही. मधोमध पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या आणि भर दुपारीही लावावा लागणारा दिवा. तळमजल्यावर तीन मजले, म्हणजे इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. मोरी आत, संडास बाहेर, सामायिक.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांना जागा मिळेना. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघालं; बॅकबेच्या वादग्रस्त भरावाचं कामही त्याच्याचकडे होतं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर रुपयाचा कर बसवून पैसा उभा केला. बेत होता ५०,००० खोल्यांचा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, साधारण साडेसोळा हजार खोल्या झाल्या आणि गाडं थांबलं. तेव्हा नवलाईच्या असलेल्या सिमेंट-काँक्रीटचे हे एकसारखे ठोकळे. उजेड-वाऱ्याचा हिशेब त्यात शेवटी धरलेला दिसतो.

गंमत म्हणजे एवढ्या टंचाईतही भाडेकरू फिरकेनात. भाडं परवडत नव्हतं आणि वरळी तेव्हा कामाच्या ठिकाणापासून आडबाजूला. कितीतरी खोल्या ओस पडल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. तुरुंग करायला फार फेरफार करावे लागले नसावेत!

पुढे गिरणगावाने त्या भरल्या. कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार आले, पोलिसांची कुटुंबं आली, बौद्ध वस्ती वाढली. खोलीत माणसं मावेनात तेव्हा पुरुषांची अंथरुणं पॅसेजमध्ये पडली. उरलेलं सगळं इमारतींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत आणि वरळीच्या जांबोरी मैदानात घडलं: कबड्डी, गणपती, दहीहंडी, भीमजयंती, संपकाळातल्या सभा. वास्तुरचनेत खरी दाद द्यायची तर या न बांधलेल्या जागेला. पण तिथे सगळं गोडच होतं असं नाही. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या वरळीतल्या सभेपासून भडकलेली दंगल याच इमारतींमध्ये पेटत राहिली.

आता म्हाडा इथे टॉवर उभारते आहे. १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं, मालकीचं घर, संडास घरात. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळसंस्कृती संपली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जण पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहिले होते, हे विचारावंसं वाटतं. तरी लिफ्ट आणि देखभालीचा खर्च पुढे निवृत्त गिरणी कामगाराच्या घराला झेपेल का, हा प्रश्न चाळकऱ्यांचाच आहे आणि रास्त आहे.

शिवडीच्या बारा चाळी मात्र या घाईत मागे राहिल्या. तिथली जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. त्यामुळे तिथला पुनर्विकास दिल्लीच्या मंजुरीवर अडला.