आघात सोसलेले मूल आणि आपल्या संस्थांचा शिरस्ता

शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधील इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. २०१५च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीची ‘मातृछाया’ आणि तिच्यामागून आठवड्याभरातच ठाण्याच्या नौपाड्यातील ‘कृष्णा निवास’ या इमारती जमीनदोस्त झाल्या. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या घरांची तावदाने फुटली. या प्रत्येक प्रसंगानंतर पंचनामे झाले, नुकसानभरपाई जाहीर झाली, चौकशीचे हुकूम सुटले, आणि ते सर्व आवश्यकच होते. परंतु ज्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांच्याविषयी शेजारीपाजारी, नातलग आणि पुष्कळदा शिक्षकही जे एकच वाक्य सद्भावनेने बोलून मोकळे होतात, ते ‘लहान आहेत, विसरतील’ हे वाक्य मात्र कोणी तपासून पाहत नाही. मुलांच्या मानसिक आरोग्याची व्यवस्था उभारताना जे गैरसमज पावलोपावली आडवे येतात, त्यांत हा सर्वांत जुना आणि सर्वांत खोल रुजलेला आहे.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला घडलेली हकिकत शब्दांत सांगता येत नाही हे खरे. पण सांगता येत नाही याचा अर्थ ते विसरले असा होत नाही. ठोकळ्यांची इमारत रचायची आणि पाडायची, असा खेळ सगळीच मुले हसतखिदळत खेळतात; परंतु तोच खेळ दिवसातून अनेक वेळा, त्याच क्रमाने, चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नसताना एखादे मूल खेळू लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, कुकरच्या शिटीसरशी ते आईच्या पदराला बिलगू लागले, म्हणजे त्याच्या शरीराने ती हकिकत जपून ठेवली आहे असे समजावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जी निदानपद्धती प्रसिद्ध केली, तीत आघातोत्तर विकारासाठी सहा वर्षे व त्याखालील मुलांचे निकष मुद्दाम वेगळे दिले आहेत, ते याच कारणाने. शाळकरी वयात हीच वेदना पोटदुखीच्या, डोकेदुखीच्या, अभ्यासात लक्ष नसण्याच्या रूपाने पुढे येते, आणि प्रगतिपुस्तकावर ‘चंचल’, ‘उद्धट’, ‘लक्ष देत नाही’ असे शेरे पडतात. शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाच्या मनात काही वावगे नसते, केवळ त्या वर्तनामागे काही घडलेले असू शकेल ही शक्यता त्याला कोणी सांगितलेली नसते.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही अलीकडे सुशिक्षित घरांत दिसू लागला आहे, तो असा की एकदा आघात झाला म्हणजे त्या मुलाचे आयुष्य कायमचे उद्ध्वस्त झाले. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियातील नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीतून १९९८ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांचा हा विपर्यास आहे. बालपणी मारहाण, घरातील व्यसन, आईवर होणारा अत्याचार असे प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितके पुढील आयुष्यात नैराश्याचे, व्यसनाचे, हृदयविकाराचेही प्रमाण अधिक, असे त्यांना दिसले. परंतु ते प्रमाण मोठ्या समूहाचे आहे, एकेका मुलाचे भाकीत नव्हे, आणि त्या गुणांकनावरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य ठरवू नये असा इशारा स्वतः अँडा यांनी २०२० साली लेख लिहून दिला. भोवतीची माणसे स्थिर राहिली, रोजचा क्रम लवकर पूर्वपदावर आला आणि निदान एका प्रौढ व्यक्तीवर विसंबता आले, तर बहुसंख्य मुले सावरतात. थोडी सावरत नाहीत. ती कोणती हे वेळेवर ओळखणे, एवढेच आणि एवढे मोठे काम व्यवस्थेकडे येते.

मुलाला सगळे एकदाचे बोलते करावे, रडून मोकळे होऊ द्यावे, आणि तेही जमले नाही तर झोपेची गोळी द्यावी, हा सल्ला तर वडीलधाऱ्यांपासून औषधविक्रेत्यापर्यंत सर्वत्र मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध आहेत: दुर्घटनेनंतर लगेच, मुलाची इच्छा नसता, तपशील खोदून काढण्याच्या बैठकी घेऊ नयेत, आणि पहिल्या महिनाभरातील अस्वस्थतेसाठी मुलांना गुंगीची अथवा नैराश्यावरील औषधे देऊ नयेत. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला शिक्षा केल्याने ते दुखणे वाढते, हे पालकांना समजावून सांगावे, अशी बारीक सूचनाही त्यांत आहे, आणि मला ती कित्येक मोठ्या सिद्धांतांहून मोलाची वाटते. पुढे उपचारांची गरज भासलीच, तर ज्या पद्धतींचा गुण सिद्ध झालेला आहे, त्यांत मूल आपल्या आठवणीकडे आपल्या गतीने, टप्प्याटप्प्याने, आणि शक्यतो आईवडिलांना सोबत घेऊन जाते. एका बैठकीत बांध फोडण्याचा तेथे प्रश्नच नसतो.

आता ज्या गैरसमजामुळे सर्वाधिक नुकसान होते त्याकडे वळतो. तो असा की हे सारे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे, आणि तज्ज्ञ नेमले, एखादा विभाग उघडला, दारावर पाटी लावली, की व्यवस्था उभी राहिली. मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट यांनी २००१ साली आघाताची जाण ठेवून सेवा देण्याच्या विचाराची मांडणी केली, आणि २०१४ साली अमेरिकेच्या शासकीय यंत्रणेने तिची तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा दोन्ही ठिकाणी मुख्य मुद्दा हाच होता की ही कोणती नवी उपचारपद्धती नसून संपूर्ण संस्थेची वागण्याची रीत आहे. आघात किती सार्वत्रिक असतो हे जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्याप्रमाणे आपले नियम बदलणे, आणि आपल्याच हातून मुलाला पुन्हा तशीच इजा होऊ न देणे, या चार गोष्टी दरवानापासून अधीक्षकापर्यंत सर्वांना लागू आहेत.

हे किती अक्षरशः खरे आहे ते कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिले तरी ध्यानात येईल. खिडकी उंच, मागे रांग, पंख्याचा आवाज. आतला कारकून मान वर न करता विचारतो, ‘‘काय होतंय पेशंटला?’’ आई हळू आवाजात काही सांगते, ते त्याला ऐकू येत नाही, तो पुन्हा मोठ्याने विचारतो, आणि मग तिला जे सांगावे लागते ते मागची दहा माणसे ऐकतात, व तिचा हात धरून उभी असलेली नऊ वर्षांची मुलगीही ऐकते. कारकुनाचा यात काही दोष नाही. दिवसभरात शेकडो कागद त्याला काढायचे असतात. त्यानंतर तीच हकिकत परिचारिकेला, निवासी डॉक्टरांना, समाजसेवा अधीक्षकांना, आणि प्रसंग गुन्ह्याचा असेल तर पोलिसांना, दंडाधिकाऱ्यांना व बालकल्याण समितीला सांगावी लागते. तज्ज्ञाच्या खोलीत मूल पोहोचेपर्यंत त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केलेली असते, ती ही की विचारणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारे कोणी नाही. मग तज्ज्ञापुढे ते गप्प बसते, आणि कागदावर ‘सहकार्य करीत नाही’ अशी नोंद होते. यावर करावयाची तजवीज खर्चाची नाही: कारण विचारण्याऐवजी एक छापील चिठ्ठी आत सरकवण्याची मुभा, मुलांसाठी बाजूची एक खोली, एकाने घेतलेली माहिती पुढच्याने आधी वाचूनच मुलाशी बोलण्याचा दंडक, आणि तपासण्यासाठी हात लावण्यापूर्वी ‘‘आता मी तुझं पोट बघणार आहे, चालेल?’’ एवढे विचारण्याची सवय.

‘कायदाच नाही, तर आम्ही काय करणार’ हे उत्तरही पुष्कळदा ऐकू येते, आणि तेही वस्तुस्थितीला सोडून आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या अधिनियमानुसार मुलाची जबानी त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता घ्यावी. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. त्याला साक्षीसाठी वारंवार न्यायालयात बोलावू नये. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जावेत. आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, अशा या तरतुदी आहेत, आणि २०२०च्या नियमांनी या सर्व काळात मुलासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीचीही सोय केली आहे. या कलमांचा मसुदा करणाऱ्यांनी मुलाच्या मनाचा विचार प्रत्येक ओळीत केलेला आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये, कल्याणच्या पुढे असलेल्या बदलापुरात, शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवण्यासाठी कुटुंबाला ताटकळावे लागले, विलंबाबद्दल पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करावे लागले, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोकांचा तो क्षोभ मी रास्तच मानतो. परंतु अशा वेळी जी मागणी सर्वांत मोठ्याने होते ती शिक्षेची असते, आणि त्या मुलींना पुढच्या वर्षी शाळेत कोणत्या वर्गात, कोणाच्या देखरेखीखाली बसवणार, हा प्रश्न मागे पडतो, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

मुलांच्या मनाला असे जपले तर ती लाडावतील आणि शिस्त मोडेल, ही भीती शिक्षकांना वाटते, आणि ती खोटी ठरवायला ठाण्यातच एक उदाहरण आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महानगरपालिकेच्या सहकार्याने सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणारी, पुलाखालीच झोपणारी मुले तेथे येतात. त्यांचा दिवस आंघोळीने, स्वच्छ कपड्यांनी आणि खाण्याने सुरू होतो, मग पाटीपुस्तक. ज्या मुलाला रात्री कोठे निजायचे हे ठाऊक नसते, त्याला सकाळी कशामागून काय होणार हे ठाऊक असणे, याहून मोठी शिस्त आणि याहून मोठा दिलासा नाही. ठरलेला क्रम, आधी दिलेली सूचना, न बदलणारा शब्द यांनी मूल स्थिरावते. छडीने ते फक्त पुढच्या छडीची वाट पाहू लागते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षणहक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमाने २०१० सालापासून बंदी आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

कल्याण जंक्शनच्या फलाटावर सापडलेल्या मुलाची गोष्ट याच जातीची आहे. घरातून पळालेले मूल नाव विचारल्यावर खोटे सांगते, गाव विचारल्यावर तिसरेच सांगते, आणि बघणाऱ्याला ते लबाड वाटते. वास्तविक ज्या घरातून ते पळाले तेथेच आपल्याला परत पोहोचवतील, या भीतीने ते पत्ता लपवीत असते. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे रुजू करावे, हा नियम योग्य आहे, पण त्या चोवीस तासांत पत्ता मिळालाच पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. कल्याणजवळ मामणोली येथे समतोल फाउंडेशन अशा मुलांना काही आठवडे ठेवून घेते, त्यांचे मन घराकडे वळल्यावर मग पालकांच्या स्वाधीन करते. मधला हा अवकाश ज्यांना व्यर्थ वाटतो, त्यांनी तिकिटासह परत पाठवलेले मूल महिन्याभरात पुन्हा फलाटावर का दिसते याचा विचार करावा.

‘मनोविकार’ हा शब्द उच्चारला की ठाण्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे १९०१ सालचे मनोरुग्णालय उभे राहते, आणि मुलाला ‘तिकडे’ नेले तर जन्माचा शिक्का बसेल म्हणून पालक वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार अल्पवयीनाला भरती करणे हा अपवाद आहे, तोही दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतरच, प्रौढांपासून वेगळ्या जागेत आणि पालकाच्या सोबतीने. विद्युत्‌उपचार तर पालकाची संमती आणि या कायद्याखालील मंडळाची पूर्वपरवानगी यांशिवाय देताच येत नाहीत. बहुतेक मुलांना भरतीची गरजच पडत नाही. १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून चालणाऱ्या टेली-मानस सेवेशी, अथवा मूल संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर, पालकांना बोलता येते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेने मनाचे आरोग्य हा चारचौघांत बोलण्याचा विषय केला, आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांना या कामात उभे केले. त्यामुळे या परिसराला हा विचार मुळापासून शिकवावा लागेल असे नाही.

शेवटी एक गोष्ट, जिच्याविषयी गैरसमज म्हणावा इतकाही विचार होत नाही. बालगृहातील काळजीवाहक, समुपदेशक, बालकल्याण समितीचे सदस्य आणि पोलीस ठाण्यातील त्या महिला अधिकारी रोज या मुलांचे ऐकतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनावरही त्याचे ओझे साचत जाते. त्यातून येणारी बधिरता आपल्याला निष्ठुरपणा वाटते, आणि आपण त्यांच्यावर रागावतो. दर आठवड्याला एखाद्या अनुभवी व्यक्तीपुढे मन मोकळे करण्याची बैठक, रात्रपाळीनंतर सक्तीची सुटी, आणि एका काळजीवाहकाकडे किती मुले असावीत याची पाळली जाणारी मर्यादा, या तीन गोष्टींसाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांनी व जिल्हा प्रशासनाने आपल्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडावे, आणि नगरसेवकांनी तो खर्च मंजूर झाला की नाही हे दरवर्षी सभागृहात विचारावे.