अकंप हस्त : सुश्रुतोक्त वैद्यगुण आणि आजची यंत्रे

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगितले आहेत. शौर्य, शीघ्रक्रिया, शस्त्राची तीक्ष्णता व असंमोह यांच्या जोडीला तेथे घाम न येणे आणि हात न कापणे यांचीही गणना आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे गुण मुखोद्गत केले. परंतु कंपरहित हात खरोखर कोणाचा असतो काय, हे मात्र क्वचितच विचारले.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचे उत्तर स्पष्ट आहे : कोणाचाही नाही. निरोगी हातालाही दर सेकंदास साधारणतः 8 ते 12 आवर्तनांचा सूक्ष्म कंप असतो. हा कंपवात नव्हे. हा देहधर्म आहे. भय, श्रम, चहा-कॉफीचा अतिरेक आणि साल्ब्युटामॉलसारखी औषधे यांनी तो वाढतो. म्हणून कंपाची तक्रार घेऊन कपिकच्छू मागणाऱ्यास औषधालयचालकांनी प्रथम चालू औषधे विचारावीत. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा आहे. त्याचा संबंध कंपवाताशी आहे, या स्वाभाविक कंपाशी नाही.

विद्रधीचे भेदन करताना हा कंप जाणवतही नाही. दृष्टिपटलावर मात्र तो निर्णायक ठरतो. तेथील मोठ्या शिराही मिलिमीटरच्या सुमारे दशांशाएवढ्या असतात, आणि सोलून काढावयाचा पापुद्रा त्याहून कितीतरी पातळ असतो.

या अडचणीवर अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅमेरॉन रिव्हिएर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायक्रॉन’ नावाचे, लेखणीप्रमाणे हातात धरावयाचे उपकरण विकसित केले. संवेदक त्याची हालचाल मोजतात; संगणक शल्यविदाची हेतुपूर्वक, मंद गती आणि जलद कंप यांची फारकत करतो; आणि विद्युत्दाबाने लांबी बदलणारे स्फटिक शस्त्राग्रास कंपाच्या विरुद्ध दिशेला ढकलतात. मूठ कापते, अग्र मात्र बरेचसे स्थिर राहते. सिंगापूरच्या नानयांग तंत्रशास्त्रीय विद्यापीठातही अशाच उपकरणावर संशोधन झाले आहे.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. मापन आणि प्रतिक्रिया यांत किंचितही विलंब झाला तर दुरुस्ती उशिरा पोहोचते. हात सावकाश सरकू लागला तर ती चूक की हेतू, हे यंत्रास ओळखणे कठीण जाते. अग्र फिरविण्याचा पल्लाही अल्प असतो. चुकीच्या स्थानी नेलेले शस्त्र ते चुकीच्या स्थानीच स्थिर धरील!

नोव्हेंबर 2020 च्या केंद्रीय अधिसूचनेत शल्याच्या 39 व शालाक्याच्या 19 शस्त्रकर्मांचा उल्लेख पदव्युत्तर वैद्यांसाठी झाला. त्यामुळे हाताचा प्रश्न आपल्यासाठी केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. अधिकार मिळाला म्हणून हस्तकौशल्य आपोआप येत नाही. सुश्रुताचार्यांनी कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाची आणि कमलनालावर वेधनाची योग्या सांगितली, ती याचसाठी.

आणखी एक कटू गोष्ट. वयोमानाने किंवा व्याधीने हात कापू लागला तर ते प्रथम स्वतःस कळते, इतरांस नंतर. अशा वेळी शस्त्र खाली ठेवून रुग्णास योग्य हाती सोपविणे, यात अपकीर्ती नाही. एकशे एक यंत्रांत हातालाच प्रधान यंत्र मानणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. त्या प्रधान यंत्राची परीक्षा इतर यंत्रांच्या आधी करणे, हे आपलेच कर्तव्य होय.