एकाचे नऊ कसे झाले?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव हे कोशाचे कापड विणणारे गाव आहे. माझे मामा तेथे हातमागावर बसतात. भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांना वेळेवर मिळाली होती. तरीही १ फेब्रुवारीला, अक्षता पडायची वेळ झाली तेव्हा, मामा घरी मागावर बसून नवरीसाठी शेला विणत होते. त्यांनी लग्नाची तारीख ९ वाचली होती!

चूक मामांची नव्हती. पत्रिकेची अक्षरे मी पसंत केली होती. सुलेखनासारखी, वळणदार, टोकाला झुपके असलेली. त्यातल्या १ या आकड्याला डावीकडे एक डौलदार आकडी जोडलेली होती. मराठी १ आणि ९ यांत मुख्य फरक डावीकडच्या त्या आकडीचाच असतो. वार छापला होता, पण इतका बारीक की मामांनी तो वाचलाच नाही. असे का घडले, हे आपण जरा भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू.

सुलेखनाचे वळण बोरूतून आले. बोरूचे टोक सुईसारखे नसते, तासलेल्या पटाशीसारखे रुंद असते. हात त्याचा कोन बदलू देत नाही, फक्त दिशा बदलतो. समजा, टोक ४ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याची धार शिरोरेषेशी ४५ अंशांचा कोन करते. धारेच्याच दिशेने बोरू सरकवला तर केसासारखी रेषा उमटते. धारेला काटकोनात सरकवला तर रेषा पूर्ण ४ मिलिमीटर जाड होते. आडव्या आणि उभ्या रेषा मात्र २.८ मिलिमीटरच्या येतात. नियम सोपा आहे : रेषेची जाडी म्हणजे टोकाची रुंदी गुणिले धार आणि रेषा यांमधील कोनाची साइन.

प्रयोग करून पाहा. दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबराने बांधा. दोन्ही टोके कागदाला टेकवा आणि मनगट न फिरवता एक वर्तुळ काढा. दोन जागी रेषा एकमेकींना चिकटतील, दोन जागी सर्वांत दूर जातील. मधली जागा शाई भरून रंगवा. झाले तुमचे पहिले सुलेखन! एक गंमतही लक्षात ठेवा. देवनागरीत धार वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूकडे झुकलेली असते, तर रोमन लिपीत नेमकी उलट. म्हणून इंग्रजीच्या निबाने मराठी अक्षर काढले की ते परके वाटते.

वळणाला वेगानेही आकार दिला. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत. मोडीची गोलाई अशी कामातून आली आहे, हौसेतून नव्हे.

संगणकाच्या फाँटमध्ये बोरू नसतो. तेथे अक्षराच्या कडेवरील काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा साठवलेल्या असतात. असल्या वक्ररेषा १९६० च्या दशकात पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याने मोटारींचे आकार रेखण्यासाठी वापरल्या. मोटारीचा पत्रा आणि आपली वेलांटी यांचे गणित एकच!

मग असा फाँट कोठे वापरावा? उत्तर डोळ्याकडे आहे. निरोगी डोळ्याला दोन रेषा वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण एका कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन हवा. ३० सेंटिमीटरवर ही फट सुमारे ०.०९ मिलिमीटर होते. आता १० पॉइंटचे अक्षर घ्या. त्याचे माप सुमारे ३.५ मिलिमीटर. त्यातील नक्षीची फट पन्नासाव्या भागाइतकी असेल, तर ती ०.०७ मिलिमीटर भरते. म्हणजे ती बुजलीच! शिवाय चाळिशीनंतर जवळचे नीट दिसत नाही. तेच अक्षर दहापट मोठे केले की नक्षी खुलते. म्हणून मासिकाचे नाव, मानपत्राचा मथळा, वधूवरांची नावे येथे सुलेखन शोभते. तारीख, वेळ, पत्ता, औषधाची मात्रा येथे ते नको.

थोर सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचेच उदाहरण घ्या. अक्षरांशी त्यांनी आयुष्यभर मनसोक्त खेळ केला. पण संगणकाच्या पडद्यावर रोज वाचायचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी घडवला, तेव्हा त्यात नक्षीला थारा दिला नाही. कोठे थांबावे हे कळणे, हीसुद्धा कलाच.

नंतर मी आंधळगावला गेलो, मामांची माफी मागितली. तयार झालेला शेला माझ्या हाती देत मामा म्हणाले, “अक्षर मोठं साजरं होतं गा. पाहाले बरं, वाचाले नाही.”

तुमच्या घरी पत्रिका छापायची असेल, तर छापण्यापूर्वी तिचा नमुना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्या आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगा. एवढीच परीक्षा पुरे.